विशेषणानंतरचे ‘टू’: ‘ईझी टू आन्सर’ आणि ‘ईगर टू आन्सर’ यांतला फरक मुलांना कसा समजवावा?

धरमपेठी

नमस्कार मंडळी. नागपुरात संध्याकाळी मी इंग्रजीचा वर्ग घेतो. वर्गातली बहुतेक मुले मराठी किंवा सेमी-इंग्रजी शाळांतून आलेली आहेत. कुणी स्पर्धा परीक्षांची तयारी करते आहे, कुणाला मिहानमधल्या एखाद्या कंपनीत नोकरी हवी आहे. त्यांचा शब्दसंग्रह पुरेसा असतो आणि काळही बरेचसे पक्के असतात, पण विशेषणानंतर ‘टू’ आणि क्रियापद आले की जवळजवळ सगळेच अडखळतात. वह्यांमध्ये सतत दिसणारी काही वाक्ये देतो: ‘धिस बुक इज ईझी टू रीड इट’, ‘द चेअर इज कम्फर्टेबल टू सिट’, ‘आय ॲम पॉसिबल टू कम टुमॉरो’, ‘ही इज बिझी टू राइट’.

बाजारातली व्याकरणाची पुस्तके ही रचना एका ओळीत उरकतात: आधी विशेषण, मग ‘टू’, मग क्रियापदाचे मूळ रूप. ही ओळ खरी असली तरी फार अपुरी आहे. ‘द क्वेश्चन इज ईझी टू आन्सर’ आणि ‘द स्टुडंट इज ईगर टू आन्सर’ ही वाक्ये वरून जुळी दिसतात, पण पहिल्यातला प्रश्न काहीच करत नाही, त्याचे उत्तर दुसरे कुणीतरी देणार आहे. दुसऱ्यात उत्तर देणारा विद्यार्थी स्वतःच कर्त्याच्या जागी बसलेला आहे. माझे मत असे आहे की ‘टू’च्या पुढची क्रिया कोण करतो, हा प्रश्न प्रत्येक वाक्याला विचारायची सवय लावली, तर पुष्कळ चुका मुळातच होणार नाहीत.

मला दोन गोष्टींवर आपली मते हवी आहेत. अशा विशेषणांचे गट कोणत्या क्रमाने शिकवावेत? आणि शिकवताना मराठीचा आधार घ्यावा की मराठी निश्चयाने बाजूला ठेवावी?

महालातला_वाचक

धागा आवडला. माझी मुलगी आठवीत आहे आणि तिच्या वहीत ‘टू रीड इट’ची चूक नेमकी अशीच सापडते. ‘शेवटचे इट काढ’ असे मी तिला सांगतो, पण ते का काढायचे हे मला सांगता येत नाही. कुणी समजावून सांगितले तर आभारी राहीन.

शब्दवेधी

महालातला_वाचक, कारण सोपे आहे. ‘रीड’ या क्रियापदाला कर्म लागते आणि ते कर्म वाक्याच्या सुरुवातीला ‘धिस बुक’ म्हणून येऊन गेलेले आहे. एकाच क्रियापदाला तेच कर्म दोनदा देता येत नाही, म्हणून शेवटची जागा रिकामी ठेवावी लागते. ‘इट’ वापरायचेच असेल तर ते सुरुवातीला आणावे आणि पुस्तक शेवटी न्यावे: ‘इट इज ईझी टू रीड धिस बुक’. ही दोन्ही वाक्ये शेजारी शेजारी लिहून दाखवलीत, तर आठवीतल्या मुलीला नक्की कळेल.

सरांनी दिलेली जोडी भाषाशास्त्रात प्रसिद्ध आहे. ‘जॉन इज ईझी टू प्लीज’ आणि ‘जॉन इज ईगर टू प्लीज’ ही वाक्ये नोम चॉम्स्की यांनी 1960च्या दशकात चर्चेत आणली. वाक्याचे वरचे रूप सारखे असले तरी आतली रचना वेगळी असू शकते, हे त्यांना या जोडीतून दाखवायचे होते. त्यांच्या पत्नी कॅरल चॉम्स्की यांनी पाच ते दहा वर्षांच्या इंग्रजी भाषक मुलांवर केलेला अभ्यास 1969मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मुलांसमोर डोळे झाकलेली एक बाहुली ठेवून ती दिसायला सोपी आहे की अवघड, असे इंग्रजीत विचारले जाई. लहान मुले ‘अवघड’ म्हणत, कारण पाहण्याची क्रिया बाहुलीच करते आहे असे त्यांना वाटे. तिला दिसायला सोपी कर असे सांगितले, की ती मुले बाहुलीच्या डोळ्यांवरची पट्टी काढत. जी रचना घरात इंग्रजी बोलणाऱ्या मुलांनाही उशिरा साधते, ती आपल्या मुलांना एका ओळीच्या नियमाने साधावी ही अपेक्षाच चुकीची आहे.

उमरेडकर

सर, मराठी बाजूला ठेवायचे काहीच कारण नाही. ही रचना आपण रोज बोलतो. ‘हे पुस्तक वाचायला सोपे आहे’ या वाक्यात पुस्तक वाचत नाही, आणि ‘तो यायला तयार आहे’ या वाक्यात येणारा तोच आहे. दोन्ही गट मराठीत ‘-ायला’ या एकाच रूपाने होतात आणि आपल्यापैकी कुणाचाही कधी गोंधळ होत नाही. आमच्या गावाकडच्या बोलीत आम्ही ‘वाचाले सोपं’ आणि ‘याले तयार’ म्हणतो. रूप बदलले तरी घडण तीच राहते. ‘हे पुस्तक ते वाचायला सोपे आहे’ असे कुठलेही मराठी मूल म्हणत नाही. मग ते इंग्रजीत मात्र ‘टू रीड इट’ का लिहिते? मला वाटते, प्रत्येक वाक्यात कर्ता, क्रियापद आणि कर्म असलेच पाहिजे हे शाळेत इतके घोकून घेतलेले असते, की रिकामी जागा दिसली की मूल ती भरून टाकते.

तर्रीप्रेमी

‘द चिकन इज रेडी टू ईट’ या वाक्यात कोंबडी खाणार आहे की खाल्ली जाणार आहे, हा प्रश्न इंग्रजीच्या शिक्षकांना फार आवडतो. ‘कोंबडी खायला तयार आहे’ या मराठी वाक्यालाही तोच प्रश्न लागू पडतो, पण सावजीच्या खानावळीत तो आजवर कुणीही विचारलेला नाही.

गोरेवाडा

उमरेडकर यांच्या मताशी मी अर्धाच सहमत आहे, आणि उरलेल्या अर्ध्यातच खरी अडचण आहे. मराठी ‘-ायला’ आपल्याला कर्माच्या बाबतीत वाचवते, पण शब्दयोगी अव्ययाच्या बाबतीत खड्ड्यात टाकते. ‘ही खुर्ची बसायला आरामशीर आहे’ या वाक्यात ‘वर’ कुठेही येत नाही. इंग्रजीत मात्र माणूस खुर्चीवर बसतो, म्हणून ‘ऑन’ शेवटी लोंबकळत ठेवावेच लागते: ‘द चेअर इज कम्फर्टेबल टू सिट ऑन’. तसेच ‘द पेन इज नाइस टू राइट विथ’ आणि ‘द हाउस इज प्लेझंट टू लिव्ह इन’. वाक्य अव्ययावर संपवणे चूक आहे असे काही जुन्या शिक्षकांनी शिकवलेले असल्यामुळे मुले ते मुद्दाम गाळतात, ही त्यात आणखी भर.

दुसरी बाब याहून नाजूक आहे. ‘ती बोलायला गोड आहे’ म्हणजे ती स्वतः गोड बोलते. इंग्रजीतले ‘शी इज ईझी टू टॉक टू’ हे वाक्य मात्र तिच्याशी बोलणाऱ्यांबद्दल आहे: तिच्याशी बोलताना इतरांना अवघडल्यासारखे होत नाही. मराठीच्या आधाराने गेलेला विद्यार्थी इथे हमखास उलटा अर्थ घेतो. शेवटचे ‘टू’ गाळले, तर वाक्यच मोडते.

आणि नागपुरात एकट्या मराठीचा विचार करून भागत नाही. आपली मुले घरी मराठी, रस्त्यावर हिंदी आणि वर्गात तिसरेच काही बोलतात. हिंदीत ‘पढ़ने में आसान’ असे म्हणतात; त्याच्या प्रभावाने इथे ‘वाचण्यात सोपे’ असे मराठीही ऐकू येते, आणि पुढे वहीत ‘ईझी इन रीडिंग’ उतरते. पुण्याच्या मुलाच्या चुका आणि इतवारीतल्या मुलाच्या चुका एकसारख्या नसतात, हे शिकवणाऱ्याने लक्षात घेतले पाहिजे.

धरमपेठी

गोरेवाडा, ‘ईझी इन रीडिंग’ आमच्या वर्गातही वारंवार येते. त्याचे मूळ हिंदीत असावे हे आपण लिहिल्यावर पटले. ‘बोलायला गोड’ हे उदाहरण मी नक्की वापरणार आहे.

निवृत्त_लेखनिक

मी आयुष्यभर सरकारी पत्रव्यवहार पाहिला, म्हणून एक वेगळा गट सुचवतो. ‘इट इज नेसेसरी फॉर यू टू साइन’ हे बरोबर आहे, पण अर्जांमध्ये आणि टिपणांमध्ये ‘यू आर नेसेसरी टू साइन’ असे सर्रास लिहिलेले आढळते. ‘नेसेसरी’ हे सही करण्याच्या कृतीचे वर्णन आहे, व्यक्तीचे नाही. म्हणून व्यक्तीला कर्त्याच्या जागी बसवता येत नाही आणि तिच्याआधी ‘फॉर’ येते.

याउलट ‘काइंड’, ‘रूड’, ‘फूलिश’, ‘वाइज’, ‘केअरलेस’ ही विशेषणे कृतीच्या निमित्ताने माणसाचे मोजमाप करतात. तिथे ‘फॉर’ चालत नाही, ‘ऑफ’ लागते: ‘इट वॉज काइंड ऑफ यू टू कम’. ‘यू वेअर काइंड टू कम’ असेही म्हणता येते, कारण येण्यात जो चांगुलपणा दिसला तो त्या माणसाचा आहे. मी माझ्या हाताखालच्या मुलांना एक कसोटी देत असे: विशेषण सरळ माणसाला लावून पाहा. ‘यू आर काइंड’ याच अर्थाने टिकते, म्हणून ‘ऑफ’. ‘यू आर नेसेसरी’ म्हटले की अर्थच बदलतो, म्हणून ‘फॉर’.

महालातला_वाचक

मग ‘ही इज शुअर टू कम’ या वाक्यात खात्री कुणाला आहे? त्याला की मला?

शब्दवेधी

उत्तम प्रश्न. खात्री बोलणाऱ्याला आहे. ज्याच्याबद्दल बोलले जाते आहे, त्याला कदाचित आपण येणार हे ठाऊकही नसेल. त्याची स्वतःची खात्री सांगायची असेल तर ‘ही इज शुअर दॅट ही विल कम’ असे म्हणावे लागते. ‘सर्टन’, ‘लाइकली’, ‘अनलाइकली’ आणि ‘बाउंड’ हे याच कुळातले आहेत. त्यांच्यात शक्यतेचा किंवा खात्रीचा अंदाज बोलणारा बांधतो. म्हणूनच ‘द ट्रेन इज लाइकली टू बी लेट’ म्हणता येते, आगगाडीला मन नसले तरी.

गंमत अशी की ‘लाइकली’चा जवळचा समानार्थी ‘प्रॉबेबल’ मात्र इथे चालत नाही. ‘ही इज प्रॉबेबल टू कम’ हे चूक आहे. ‘इट इज प्रॉबेबल दॅट ही विल कम’ असेच म्हणावे लागते. मे महिन्यात हवामान खात्याची इंग्रजी पत्रके वाचावीत. विदर्भातल्या उष्णतेच्या लाटेबद्दल त्यांत ‘लाइकली टू’ पुन्हा पुन्हा भेटते. पारा 45 अंशांच्या पुढे जाण्याच्या दिवसांत ही रचना नागपूरकरांच्या जितकी कानावर पडते, तितकी क्वचितच आणखी कुणाच्या पडत असेल.

फुटाळा_काठ

‘टू’ आणि ‘इनफ’ यांच्याबद्दल अजून कुणीच लिहिलेले नाही. इथे दोन ओ असलेला ‘टू’ विशेषणाच्या आधी येतो आणि एक ओ असलेला नंतर: ‘द टी इज टू हॉट टू ड्रिंक’. नकार शब्दांत नसतो, पण अर्थात असतो. चहा इतका गरम आहे की पिता येत नाही. आपल्याकडच्या बोली इंग्रजीत मात्र ‘टू गुड’ म्हणजे ‘फारच छान’, त्यामुळे पहिल्या ‘टू’ची धार बोथट झाली आहे. परिणामी मुले ‘द फिल्म वॉज टू गुड टू वॉच’ असे कौतुकाने लिहितात, आणि वाचणारा इंग्रज कोड्यात पडतो. कौतुक करायचे असेल तर ‘व्हेरी गुड’ लिहावे.

‘इनफ’ विशेषणाच्या मागे येते: ‘ओल्ड इनफ टू व्होट’. आपली मुले ते पुढे नेऊन ‘इनफ ओल्ड’ करतात, कारण ‘पुरेसा मोठा’ हा आपला क्रम आहे.

तर्रीप्रेमी

मग ‘द रस्सा इज टू हॉट टू ईट’ म्हणजे तो तिखट आहे की गरम आहे? आणि ‘ईट’ म्हणावे की ‘ड्रिंक’?

उमरेडकर

तर्रीप्रेमी, दोन्ही अर्थ होतात, आणि सावजी रश्शाच्या बाबतीत दोन्ही एकदम खरे असू शकतात. तिखटच सांगायचे असेल तर ‘स्पायसी’ वापरावे. पण आपण मूळ मुद्द्यावर राहू या. इथून पुढे धागा खानावळींच्या यादीकडे वळेल.

गोरेवाडा

‘धिस बुक इज ईझी टू बी रेड’ असेही मुले लिहितात. तर्क असा की पुस्तक वाचले जाते, म्हणजे कर्मणी प्रयोग हवा. त्यांना हे स्पष्टपणे सांगावे की ‘ईझी’, ‘हार्ड’ आणि ‘डिफिकल्ट’ यांच्या पुढे कर्तरी रूपच येते.

शब्दवेधी

आजच्या इंग्रजीसाठी हे बरोबर आहे, पण त्या मुलांचा तर्क हास्यास्पद मानू नये. 1611मध्ये प्रसिद्ध झालेल्या बायबलच्या इंग्रजी भाषांतरात ‘ईझी टू बी अंडरस्टूड’ अशीच रचना आहे. म्हणजे जो तर्क आपली मुले करतात, तो एके काळी इंग्रजांनीही केला होता. पुढे भाषेने साधे रूप ठेवले. उमरेडकरांच्या ‘-ायला’ला जोडून आणखी एक सांगतो. प्राचीन इंग्रजीत या ‘टू’नंतर येणाऱ्या क्रियापदाला चतुर्थीचा प्रत्यय लागत असे. आपल्या ‘वाचायला’मधला ‘ला’ही चतुर्थीच्याच घरचा आहे.

सदरची_शिक्षिका

सर्वांचे विवेचन अभ्यासपूर्ण आहे, पण मला यातले बरेचसे वर्गात न्यावेसे वाटत नाही. मी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिकवते. मुले भरपूर वाचतात, ऐकतात आणि वाक्ये मोठ्याने म्हणतात, तेव्हा ‘ईझी टू रीड’ त्यांच्या कानात आपोआप बसते. गट, उपगट आणि अपवाद यांचा तक्ता फळ्यावर आला, की बोलणारे मूलही गप्प होते. रचना कानाने शिकवावी. नावे शिक्षकाने स्वतःपुरती ठेवावीत.

धरमपेठी

ताई, आपल्या शाळेतल्या मुलांकडे दहा-बारा वर्षे असतात आणि दिवसभर कानावर इंग्रजी पडते. माझ्याकडे येणारी मुले प्रौढ आहेत. त्यांच्या हातात काही महिने असतात आणि त्यांच्या घरी इंग्रजी वर्तमानपत्रही येत नाही. कानाने शिकण्याची चैन त्यांना परवडत नाही. चूक का झाली हे एकदा कळले, की ती दुसऱ्याची वही तपासून तीच चूक शोधतात, आणि त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जो आत्मविश्वास येतो तो मला फार मोलाचा वाटतो. मोठ्याने म्हणून घेण्याची आपली सूचना मात्र मी मनापासून स्वीकारतो.

मिहान_प्रशिक्षक

मी फोनवर परदेशी ग्राहकांशी बोलणाऱ्या मुलांना तयार करतो. आमच्याकडे ‘टू’ घ्यावे की ‘-इंग’, हा रोजचा प्रश्न असतो. पहिल्या भेटीच्या सुरुवातीला ‘नाइस टू मीट यू’, निरोप घेताना ‘नाइस मीटिंग यू’. मध्येच बोलायचे असेल तर ‘सॉरी टू इंटरप्ट’. व्यत्यय आणून झाल्यावर माफी मागायची असेल तर साधारणपणे ‘सॉरी फॉर इंटरप्टिंग’. ‘अफ्रेड’चे दोन अर्थ तर रस्ता ओलांडताना समजावून देता येतात. वाहनांमुळे पाऊल उचलायचे धाडस होत नाही, तेव्हा ‘अफ्रेड टू क्रॉस’. आपल्या इच्छेविना काही घडेल अशी भीती असते, तेव्हा ‘अफ्रेड ऑफ फॉलिंग’. कुणीही ‘अफ्रेड टू फॉल’ असे म्हणत नाही, कारण पडायचे कुणी ठरवत नसते.

काही विशेषणांना हे ‘टू’ मुळीच सोसत नाही, आणि ती पाठच करावी लागतात. ‘बिझी’ला ‘-इंग’ लागते, म्हणून सरांच्या पहिल्या यादीतले वाक्य ‘ही इज बिझी रायटिंग’ असे होईल. ‘वर्थ’लाही ‘-इंग’च लागते. ‘केपेबल’ला ‘ऑफ’ लागते, जरी तोच अर्थ सांगणारे ‘एबल’ आनंदाने ‘टू’ घेते. ‘इंटरेस्टेड’ सहसा ‘इन’ घेते, पण ‘इंटरेस्टेड टू हिअर’ आणि ‘इंटरेस्टेड टू नो’ ही शुद्ध आहेत. सर्वांत फसवे ‘यूज्ड टू’: सवय सांगताना तिथला ‘टू’ अव्यय असतो आणि त्यापुढे ‘-इंग’ येते, म्हणून ‘आय ॲम यूज्ड टू गेटिंग अप अर्ली’.

महालातला_वाचक

आता क्रमाचे काय ठरले? सरांनी पहिल्या पोस्टमध्ये विचारलेला प्रश्न मागेच राहिला आहे.

धरमपेठी

मी असा क्रम धरतो आहे. आधी ‘रेडी’, ‘ग्लॅड’, ‘ईगर’, ‘अफ्रेड’, ‘एबल’. इथे कर्ताच क्रिया करतो आणि मराठी सरळ मदत करते. मग ‘ईझी’, ‘हार्ड’, ‘डिफिकल्ट’. इथे कर्ता क्रिया करत नाही. ही दोन टोके आमनेसामने ठेवून पुरेसा सराव झाल्यावरच गोरेवाडा यांचा लोंबकळणारा ‘ऑन’ आणायचा. त्यानंतर निवृत्त_लेखनिक काकांची ‘ऑफ’ आणि ‘फॉर’ची कसोटी, आणि शेवटी ‘शुअर’ व ‘लाइकली’. ‘बिझी’ची मंडळी मात्र पहिल्याच आठवड्यात भिंतीवर लावून टाकतो, कारण तिथे समजावण्यासारखे फार काही नाही.

एकच अडचण उरली आहे. ‘आय ॲम पॉसिबल टू कम’ कुठल्या गटात घालू? ‘ही इज इम्पॉसिबल टू प्लीज’ जर शुद्ध असेल, तर ‘पॉसिबल’ने काय बिघडवले?

शब्दवेधी

यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘आय ॲम पॉसिबल टू कम’ चूक आहे, कारण येणारा मीच आहे. ‘इम्पॉसिबल’ घातले तरी ते वाक्य चूकच राहते. ‘मला येणे शक्य आहे’ यातले येणे शक्य असते, मी शक्य नसतो. म्हणून ‘इट इज पॉसिबल फॉर मी टू कम’, किंवा सरळ ‘आय कॅन कम’. ‘ही इज इम्पॉसिबल टू प्लीज’ यात तो प्लीज करत नाही, इतर लोक त्याला खूश करू पाहतात. म्हणून ते ‘ईझी’च्या गटात बसते. ‘ही इज पॉसिबल टू प्लीज’ मात्र इंग्रजांच्या कानाला खटकते, आणि तिथे ‘इट इज पॉसिबल टू प्लीज हिम’ हेच सहज वाटते. ‘ईझी’च्या गटातली विशेषणे काम किती सोपे किंवा कठीण आहे याचे माप सांगतात; ‘इम्पॉसिबल’ त्या मापाचे शेवटचे टोक ठरते, तर नुसत्या ‘पॉसिबल’मध्ये माप काहीच नसते. असे स्पष्टीकरण मला पटते.

निवृत्त_लेखनिक

म्हणजे ‘पॉसिबल’ माझ्या ‘नेसेसरी’च्या शेजारी ठेवावे. दोघेही ‘इट इज’ने सुरू होतात आणि दोघांनाही माणसाआधी ‘फॉर’ लागते.

धरमपेठी

तिथेच ठेवतो. उद्याच्या वर्गात ‘नेसेसरी’, ‘इम्पॉर्टंट’ आणि ‘पॉसिबल’ या तिघांची वाक्ये एकत्र लिहून घेतो, आणि मुलांनी काय लिहिले ते परवा इथेच टाकतो.